नेहमीचा संशय

दाजी गेल्याचा फोन आला तेव्हा मी बारडोलीला लेकीकडे होतो, आणि खरं सांगायचं तर मी त्या फोनवर विश्वास ठेवला नाही. फोन सुरतेहून, लिंबायतमधल्या दाजींच्या एका शेजाऱ्याचा होता. मी त्याला विचारलं, "तुम्ही स्वतः पाहिलं का?" तो म्हणाला, "नाही, गल्लीत ऐकलं." मग मी दुसऱ्याला फोन लावला. त्यानंही कुणाकडून तरी ऐकलं होतं. माझी लेक समोर उभी राहून रडत होती आणि मी तिला गप्प बसायला सांगत होतो, कारण बातमी पक्की व्हायची होती. माणूस गेल्याचं कळल्यावरही आधी खात्री करून घ्यायची, ही सवय मला ज्यांनी लावली त्यांच्याच मरणाची मी खात्री करत बसलो होतो... शेवटी अक्काचा, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचा, स्वतःचा फोन आला. ती एवढंच म्हणाली, "ये." मग विचारायचं काही उरलं नाही.

त्याला आता काही आठवडे झाले. सुखदेव दाजी, अक्काचे यजमान, पारोळ्याकडच्या एका खेड्यातून मिसरूड फुटायच्या वयात सुरतेला आले आणि लूमच्या कारखान्यात लागले. पुढे त्यांची नजर पाहून मालकानं त्यांना कापड तपासायला बसवलं. मागावरून उतरलेला कापडाचा ताका उजेडावर पसरायचा, हातानं ओढत पुढे न्यायचा आणि तुटलेली तार, तेलाचा डाग, सुटलेला धागा दिसला की खडूनं खूण करायची, हे त्यांनी जन्मभर केलं. ताका आणणारा कारागीर नेहमी म्हणतो, माल एकदम साफ आहे. ते ऐकून घ्यायचं आणि कापड उलटं करायचं. दाजी म्हणायचे, कापड समोरून सगळ्यांनाच सुंदर दिसतं. कारखान्यात त्यांनी ही रीत पाळली ते ठीकच, पण ते घरातही तेच करायचे. भाजीवाल्याची मेथी उलटी करून बघत. मुलगी पाहायला आलेल्यांच्या चपला बघत. मी मराठी शाळेत मास्तर झालो तेव्हा माझ्या नेमणुकीचा कागद त्यांनी खिडकीशी नेऊन उजेडात धरला होता. मला राग आला होता, पण नंतर माझ्याही अंगात तेच मुरलं. ढवळ्याशेजारी पवळ्या बांधला, वाण नाही पण गुण लागला.

अशा माणसाच्या वाट्याला यकृताचा आजार यावा आणि तोही गुजरातेत, हा दैवाचा वात्रटपणा म्हणायचा. कारण यकृत म्हटलं की लोकांच्या तोंडी पहिला शब्द दारू. आणि इथे दारूबंदी. बंदी असल्यामुळे पिणारा कधी कबूल करत नाही, आणि म्हणून न पिणाऱ्याचं 'नाही'सुद्धा कुणी धरत नाही. दाजींनी आयुष्यात दारूला हात लावला नव्हता. विडी नाही, तंबाखू नाही, चहासुद्धा कपभरच. पाय सुजायला लागले, डोळ्यांत पिवळेपणा दिसला, तेव्हा ते गल्लीच्या तोंडाशी असलेल्या डॉक्टरकडे गेले. मी बरोबर होतो. डॉक्टरनं पापणी खाली ओढून पाहिली आणि विचारलं, "कितनी पीते हो?" पिता का, असं नाही. किती! दाजी म्हणाले, नही पीता. डॉक्टर माझ्याकडे पाहून ओळखीचं हसला आणि गोळ्या लिहिताना म्हणाला, "अभी बंद कर दो." दाजी बाहेर आले आणि रस्त्यातच थांबले. "माले सांग, मी कधी एक थेंब तरी पिधा का?" मी म्हटलं, नाही दाजी. त्यांनी माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. मी खरं बोलतोय की मन राखतोय, हे ते तपासत होते.

पोट सुटायला लागलं तशी गल्लीही बोलायला लागली. हा दमणहून बाटली आणतो, कारखान्यातून सुटल्यावर बसतो, चेहऱ्यावरून वाटत नाही पण... त्यांचा सख्खा भाऊसुद्धा एका लग्नात चारचौघांत म्हणाला, "दादा, आतातरी सोड." त्याच सुमारास मनीषाचं, म्हणजे दाजींच्या मुलीचं, जमत आलेलं लग्न बारगळलं. समोरच्यांनी कारण दिलं नाही, पण मध्यस्थाच्या बायकोनं अक्काला सांगितलं की मुलीचा बाप पितो असं त्यांच्या कानावर आलंय. त्या दिवशी दाजी जेवले नाहीत. आजाराचं त्यांना तेवढं वाटत नव्हतं. मरणाला ते ताक्याचं शेवटचं टोक म्हणायचे, कुठेतरी असायचंच. पण आपल्यावर नसलेला डाग कुणी खडूनं दाखवावा, हे त्यांना सोसत नव्हतं. त्यांना आता असा डॉक्टर हवा होता जो हे 'नाही' मानेल. औषध त्याच्या मागून आलं तरी चालणार होतं.

मध्यंतरी कुणीतरी गावाकडचा कावीळ उतरवणारा सुचवला. दाजी गेले, मलाही नेलं. त्या बाबानं दाजींच्या तळहातांना कसल्याशा सालीचा रस चोळला, मंत्र पुटपुटला आणि चुन्याच्या निवळीत हात धुवायला लावले. पाणी पिवळं झालं. जमलेली मंडळी हात जोडून उभी राहिली. दाजी शांतपणे म्हणाले, "आते या मास्तरना हात धुवाडा." बाबा म्हणाला, त्यांना कुठे कावीळ आहे? दाजी म्हणाले, म्हणूनच. माझ्या धडधाकट हातांना रस लागला आणि माझंही पाणी तितकंच पिवळं झालं. परतीच्या गाडीत दाजी खूप हसले. एवढे आजारी असून एवढे हसलेले मी त्यांना त्यानंतर क्वचितच पाहिले. मात्र हसू ओसरल्यावर म्हणाले, याला पकडणं सोपं होतं, शिकलेल्यांना कसं पकडायचं?

शिकलेल्यांकडे आम्ही गेलो. नदीपलीकडच्या एका चकचकीत दवाखान्यात डॉक्टर दाजींशी बोललेच नाहीत, सगळं बरोबर आलेल्या दाजींच्या मुलाशी. "पापा को समझाओ." काय समझाओ, ते सांगायची गरज नव्हती. दुसऱ्या एका ठिकाणचे डॉक्टर फार गोड होते. त्यांनी दाजींच्या पोटातलं पाणी काढलं, पाठीवर हात ठेवला, म्हणाले, मी तुमच्यावर पूर्ण विश्वास ठेवतो. दाजींचे डोळे भरून आले होते. मग डॉक्टरांनी अक्काला जरा आत बोलावलं. दाराला काच होती. दाजी बाहेर बाकावर बसून आत पाहत राहिले. डॉक्टर अक्काला काहीतरी विचारत होते आणि अक्का जोरजोरात मान हलवत होती, नाही, नाही... अक्का बाहेर आली तेव्हा दाजींनी तिला काही विचारलं नाही. चप्पल घातली आणि चालायला लागले. दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो, पण दाजींनी त्यानंतर ताकाचं भांडंच दूर सारलं. डॉक्टर हा शब्द घरात काढायचा नाही, असं अक्काला बजावलं.

मग पलसाण्याच्या रंगाईच्या कारखान्यात काम करणाऱ्या त्यांच्या एका जुन्या सोबत्यानं एका डॉक्टरीणबाईंचं नाव सांगितलं. नाव मी इथे लिहीत नाही, त्यांना ते आवडणार नाही. दाजी लगेच थोडेच जातात! आधी आम्ही दोघं त्यांच्या दवाखान्यात नुसते जाऊन बसलो, कुणाची तरी वाट पाहत असल्यासारखे. मी भिंतीवरची प्रमाणपत्रं वाचत होतो. दाजींनी मला कोपरानं ढोसलं. "ते काय वाचस? जो बाहेर येस त्याना तोंडकडे दख." मी पाहायला लागलो. काही वेळानं माझ्याही ध्यानात आलं. इतर दवाखान्यांत आतून बाहेर आलेला माणूस पहिल्यांदा कंपाउंडरला विचारतो, डॉक्टर काय म्हणाले हो? इथे कुणी विचारत नव्हतं. आतच समजून बाहेर येत होते. एक म्हातारी तर आपल्या सुनेलाच समजावत निघून गेली. दाजी उठले, म्हणाले, उद्या नाव लावू. पण मालावर विश्वास ठेवायचा नाही हं, फक्त उलटून बघायचा.

आणि त्यांनी उलटून बघितलंच. रोग्यानं करू नये ती गोष्ट केली. जुने सगळे रिपोर्ट घरी ठेवले आणि बाईंना सांगितलं की कुठल्याही डॉक्टरला दाखवायला मी आज पहिल्यांदाच येतोय. कारखान्यात नवा तपासणारा आला की त्याच्यापुढे मुद्दाम माहितीतला सदोष ताका सरकवतात, खोट सांगत नाहीत. त्याला सापडते का बघतात. दाजींनी स्वतःचाच ताका सरकवला. मी शेजारी बसून घामाघूम झालो होतो. बाईंनी प्रश्न विचारले, नेहमीचाही विचारला. दारू? दाजी म्हणाले, नाही. बाई "ठीक" म्हणाल्या आणि पुढच्या प्रश्नाकडे गेल्या. दाजींनी डोळे बारीक केले. ठीक म्हणजे मानलं, की टाळलं? मग त्यांनी दाजींना आडवं केलं, पोट चाचपलं, बोटांनी ठोकून ऐकलं, आणि हात एका जागी थांबला. डाव्या बाजूला खाली सुईची एक बारीक खूण होती. "सुखदेवभाई, आ निशान शेनुं छे?" ही खूण कसली? दाजींनी सदरा खाली ओढला. "पाणी काढलंय तुमचं. आणि तुम्ही म्हणता पहिल्यांदाच आलात." बाई गुजराती-हिंदी मिसळून बोलत, मी मराठीत लिहितोय. मला वाटलं आता हाकलून देतील. पण दाजी टेबलावर आडवे पडल्या पडल्याच माझ्याकडे वळले आणि त्यांचा चेहरा उजळला. "बाईनी डाग धरा!"

बाईंना अर्थ कळला नाही, तुम्ही डाग पकडलात असं म्हणतायत, हे मी सांगितलं. त्या हसल्या नाहीत, रागावल्याही नाहीत. म्हणाल्या, "मला तपासायचं असेल तर जरूर तपासा, पण आधीची औषधं लपवू नका. त्यात तुमचंच नुकसान आहे." दाजी उठून बसले. आता त्यांनी सरळच विचारलं, मी पीत नाही, हे तुम्ही मानलं का? बाई म्हणाल्या, "मानलंही नाही, नाकारलंही नाही. रक्त बघते, मग सांगते." दुसऱ्या कुणाला हे उत्तर रुक्ष वाटलं असतं. दाजी रिक्षात मला म्हणाले, ही बाई आपल्यातली आहे.

रक्तात काविळीचा जुना विषाणू निघाला. बाईंनी दाजींना आईबद्दल विचारलं. दाजींची आई पोट फुगूनच गेली होती आणि गावानं त्याला करणी म्हटलं होतं. बाई म्हणाल्या, बहुतेक जन्मताच आईकडून आलं असेल, किंवा लहानपणी एकाच सुईनं सगळ्यांना टोचलं असेल. कुणाचा दोष नाही. जन्मभर गुपचूप राहून त्यानं यकृत खाल्लं. "दारूचा यात काही संबंध नाही," असं त्या आपणहून म्हणाल्या. दाजींनी ते वाक्य त्यांना पुन्हा म्हणायला लावलं. मग बाईंनी घरातल्या सगळ्यांचं रक्त तपासायला सांगितलं आणि दाजींचा संशय लगेच जागा झाला... लॅबवाल्याशी संधान असेल! त्यांनी ती तपासणी सरकारी दवाखान्यात करून घेतली. सगळे निर्धोक निघाले, सगळ्यांनी लस टोचून घेतली, आणि हे सगळं दाजींनी बाईंना तोंडावर सांगितलं. बाई म्हणाल्या, छान केलंत. त्यांनी हेही लपवलं नाही की विषाणू औषधानं दबेल, पण खाल्लं गेलेलं यकृत परत येणार नाही. किती वर्षं ते सांगता येणार नाही, जेवढी आहेत तेवढी नीट काढू.

ती नीट काढली. मीठ गेलं, ठेचा गेला, पापड-लोणचं गेलं. खानदेशी माणसाच्या ताटातून मीठ काढणं म्हणजे अर्धा जीव काढणं. दाजी रोज अक्काच्या भाजीवर संशय घेत, "तू मीठ दपाडी ठेवस!" म्हणजे लपवून ठेवतेस, आणि अक्का रोज मिठाची बरणी उचलून शेजारणीकडे ठेवून येई. एकदा तपासणीला अक्का बरोबर असताना बाईंनी तिला समजावलं, की यकृत थकलं की अंगातलं विष डोक्यात चढतं, माणूस बदलतो. गुंगी, गोंधळ, विचित्र बोलणं. तसं दिसलं तर ताबडतोब आणा. अक्का म्हणाली, "बाई, हे तर रोजच विचित्र बोलतात. माझ्यावर, मुलावर, दूधवाल्यावर, तुमच्यावरसुद्धा संशय. त्यातला आजारातला कोणता ते मला कसं कळणार?" दाजी समोरच बसले होते, ऐकत होते. बाई म्हणाल्या, "तुम्हालाच कळेल. मला कळणार नाही. यांचा नेहमीचा संशय तुम्ही ओळखता. त्यापेक्षा वेगळं काही दिसलं की फोन करा, अवेळ झाली तरी चालेल." नंतर घरी अक्का म्हणत होती, आजवर नवऱ्याच्या ह्या खोडीपायी जीव नकोसा झाला, पण कुणी डॉक्टर त्याच खोडीची किंमत करेल असं वाटलं नव्हतं.

पुढच्या हिवाळ्यात एका सकाळी अक्कानं दाजींपुढे अळणी दुधी भोपळ्याची भाजी ठेवली. दाजींनी खाल्ली आणि म्हणाले, "भाजी चांगली व्हयनी." अक्का चपापली. दाराशी कुणी गाद्या विकणारा आला, त्याला म्हणाले, ये, बस. तो म्हणाला कापूस अस्सल आहे. दाजी म्हणाले, असेल. गादी उलटीसुद्धा केली नाही! शेजारचा म्हातारा येऊन म्हणाला, आज चेहरा छान दिसतोय. दाजी म्हणाले, हो ना. अक्कानं पदराला हात पुसले आणि बाईंना फोन लावला.  म्हणाली, "बाई, आज हे कशालाच हरकत घेत नाहीत." मला अजून नवल वाटतं की बाईंनी याला हसून सोडलं नाही. त्या म्हणाल्या, आत्ता दवाखान्याकडे निघा, मीही येतेय. दाजी रिक्षात बसेपर्यंत पेंगायला लागले होते. बाई म्हणाल्या, उशीर केला असता तर हाती लागले नसते. दोन-तीन दिवसांनी दाजींनी डोळे नीट उघडले, सलाइनच्या बाटलीकडे पाहिलं आणि नर्सला विचारलं, ही कुठल्या तारखेपर्यंत चालते ते दाखव. अक्का तिथेच रडायला लागली. आनंदानं रडणाऱ्या बायका मी पाहिल्या आहेत, पण नवऱ्यानं संशय घेतला म्हणून आनंदानं रडणारी ती एकटीच.

त्यानंतर दाजी आणखी बरेच दिवस राहिले. मनीषाचं लग्न झालं, नवसारीकडच्या एका चांगल्या घरात, दाजींनी त्यांची चारही अंगांनी चौकशी करून. पण गल्लीचं काही बदललं नाही. रिपोर्ट खिशात घेऊन माणूस किती दारं फिरणार? दाजींनी एकदोघांना सांगून पाहिलं होतं. ते म्हणाले, हो का, आणि एकमेकांकडे पाहिलं. मग त्यांनी सोडून दिलं, निदान मला तरी तसं वाटलं. शेवटच्या वेळी पोटातल्या पाण्यात जंतू झाले आणि औषधं लागू पडेनाशी झाली. बाईंनी अक्काला आणि मला बसवून स्पष्ट सांगितलं की आता होईल ते शांतपणे होऊ द्यावं. मी बारडोलीला दोन दिवसांसाठी म्हणून गेलो आणि तेवढ्यात...

गंधमुक्तीच्या, म्हणजे सुतक फिटण्याच्या विधीच्या, आदल्या दिवशी दाजींच्या दारावर सांत्वनाला आलेली माणसं बसली होती. आत बायका, बाहेर ओट्यावर आणि गल्लीत टाकलेल्या सतरंजीवर पुरुष. दाजींचे भाऊही होते. बोलणं हळू आवाजात चाललं होतं, पण मला ऐकू येत होतं. माणूस कामाचा होता हो, पण त्या एका व्यसनानं... मी उठून काही बोलणार होतो. पण मी तर मेहुणा, मी बाजू घेणारच, असं ते म्हणाले असते. तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी रिक्षा थांबली आणि डॉक्टरीणबाई उतरल्या. एकट्या होत्या. माझ्या मनात पहिली शंका आली, ही इथे कशाला? काही चुकलं होतं का इलाजात? डॉक्टर कुणाच्या दारावर येत नाहीत. त्यांनी चपला काढल्या, आत जाऊन अक्काशेजारी बसल्या, तिचा हात हातात घेतला. शेजारणीनं चहा आणला तो घेतला. मग अक्काला म्हणाल्या, "सुखदेवभाईंना दारूनं नाही नेलं. त्यांनी कधीच दारू घेतली नव्हती. मी त्यांची डॉक्टर आहे आणि मला हे माहीत आहे."  अक्काचं डोकं खालीच होतं. ते वर करून ती म्हणाली, "बाई, हे मला कशाला सांगता? बाहेर सांगा."

बाई उठल्या. ओट्यावर आल्या आणि तेच पुन्हा मोठ्यानं बोलल्या, समजेल अशा हिंदीत, विषाणूचं नाव घेऊन, लहानपणापासून रक्तात होता हेही सांगून. सगळे ऐकत होते. एकानं हातातला चहाचा कप हळूच खाली ठेवला. बाईंनी ते पाहिलं आणि आतून आणखी अर्धा कप चहा मागवून तिथे उभ्यानेच प्यायल्या. म्हणाल्या, जेवणा-खाण्यातून हा होत नाही. दाजींच्या भावानं डोळ्यांना उपरणं लावलं. मागच्या बाजूला कुणीतरी पुटपुटलंच, डॉक्टरला काय, फी मिळाली की ते असंच बोलणार.

मी त्यांना रिक्षापर्यंत सोडायला गेलो. राहवलं नाही, विचारलं, "तुम्हाला यायला कुणी सांगितलं?" त्या म्हणाल्या, "त्यांनीच. शेवटच्या आठवड्यात, शुद्धीत असताना. म्हणाले, मी गेल्यावर एकदा लिंबायतला या आणि सगळ्यांसमोर सांगा." मी मागे ओट्याकडे पाहिलं. कुजबुज पुन्हा सुरू झाली होती. मी म्हणालो, "बाई, तुम्ही एवढ्या लांबून आलात, पण ही माणसं काही मानायची नाहीत." त्या रिक्षात बसल्या, पदर सावरला.

"तेही म्हणाले होते ते," बाई म्हणाल्या. "मानणार नाहीत. तरी सांगा."